श्रावणातली भुर्जी

मला खायला आवडतं, पण हॉटेलात जायला आवडत नाही. हॉटेलात वेटर येऊन डोक्यावर उभा राहतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, "मॅडम, आपल्याला काय?" त्या क्षणी मला काहीच नको असतं. तो तिथून जावा एवढंच हवं असतं. मग शेजारच्याने जे सांगितलं असेल ते मी सांगते. शेजारी बहुतेक वेळा हे असतात आणि ह्यांना मसाला डोसा आवडतो. म्हणून लग्न झाल्यापासून मी मसाला डोसा खात आले आहे. मला उत्तप्पा आवडतो, हे आमच्या घरात अजून कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा.

गाडीवर तसं होत नाही. गाडीवर एकच पदार्थ असतो. आपण जाऊन उभं राहिलो की आपल्याला काय पाहिजे ते त्याला कळतं. लोणी काळभोरला माझं माहेर. वडील भाजी घेऊन मार्केट यार्डात यायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा घरी हिचा उपयोग काय म्हणून कधीकधी मला टेम्पोत घालून आणायचे. माल उतरला की यार्डाच्या बाहेर एका गाडीवर आम्ही कांदाभजी खायचो. वडीलही माझ्यासारखेच अबोल. ते गाडीवाल्याकडे बघून मान हलवायचे, तो कागदात भजी द्यायचा. शब्द न बोलता पोट भरतं हे मी तिथे शिकले. शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं.

आता माझं वय अठ्ठावन्न. हे खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, आणि आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. गुडघ्याचे डॉक्टर मात्र जुन्या ओळखीचे, खडकीतलेच ठेवले. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी शेक घ्यायला जाते. दवाखान्यातून बस स्टॉपकडे येताना एका कंपाउंडच्या भिंतीला लागून भुर्जीची गाडी आहे. एकदा शेक घेऊन निघाले, भूक लागली होती, म्हणून तिथे उभी राहिले. गाडीवाला म्हणाला, "बसा मावशी," आणि गाडीच्या मागे स्टूल टाकलं. पुढे भिंत, मागे गाडी. कुणाला मी दिसत नव्हते, मला कुणी दिसत नव्हतं. असली जागा लाखात मिळत नाही.

त्याने स्टीलच्या ग्लासात अंडी फोडली, चमच्याने खडाखड फेटली, तव्यावर कांदा-मिरची परतून वर ओतली आणि उलथन्याने असा काही खरडायला लागला की रस्त्यावरच्या रिक्षाही ऐकू येईनात. मग तव्याच्या कडेला पाव दाबले, वर कोथिंबीर टाकली. लिंबाची फोडही मी न मागता त्याने दिली. घरी मी चांगला स्वयंपाक करते, तरी एवढं म्हणेन की घरच्या भुर्जीला ती चव येत नाही. घरच्या भुर्जीला मागून कुणीतरी "मीठ जरा बेताचंच आहे" असं म्हणत असतं. त्यानेही फरक पडत असेल.

तेव्हापासून शेकाच्या दिवशी भुर्जी, असं ठरून गेलं. मी जायचे, तो मान हलवायचा, मी बसायचे. पहिल्या दिवशीच्या त्या "बसा मावशी"नंतर आमच्यात एक शब्द झाला नाही. मी घरी हे सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, तर सांगायला बोलावं लागतं म्हणून.

ह्यांचं मत मात्र मला माहीत होतं. रस्त्यावरचं खाणं म्हणजे आजाराला घरी बोलावणं, असं ते म्हणतात. मुलगा आणि सून यांचंही तेच मत, पण फक्त आपल्या देशापुरतं. दोघं नोकरीसाठी व्हिएतनामला असतात. तिथून फोन लावला की मागे हमखास फुटपाथ दिसतो. लहान मुलांच्या शाळेत असतात तशी बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, त्यावर गुडघे हनुवटीला लावून बसलेली मोठी माणसं, आणि मध्ये आमची सून.

"आई, बघा ना! इथे सगळं शहर रस्त्यावर जेवतं. काय कल्चर आहे!"

"पाणी कुठलं असतं तिथे?" हे विचारायचे.

"बाबा, ते उकळतं सूप असतं. आणि इथले लोक स्वच्छ असतात. आपल्यासारखं नाही."

गेल्या वर्षी त्यांनी आम्हालाही तिकडे नेलं. ह्यांनी बॅगेत मेतकूट, लाडू, थालिपिठाची भाजणी आणि एक छोटा कुकर घेतला. विमानतळावर कुकर बाहेर काढायला लावला, तेव्हा ह्यांनी त्या अधिकाऱ्याला शिट्टी कशी होते ते तोंडाने करून दाखवलं. पुढे सगळे दिवस ह्यांनी मुलाच्या उंच फ्लॅटमध्ये, खिडकीतून परदेश बघत, मेतकूट-भात खाल्ला. आल्यावर सोसायटीत सांगितलं, "व्हिएतनाम पाहिलं. खाण्यापिण्याचं काही खास नाही."

मी मात्र सुनेबरोबर खाली जायचे. कोपऱ्यावर माझ्याच वयाची एक बाई मोठ्या पातेल्यातून शेवयांसारख्या लांब नूडल्सचं सूप वाढायची. तिने माझ्या वाटीत पुदिन्यासारखा पाला टाकला. मला तो आवडला. तिने ते बघितलं आणि आणखी टाकला. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. सून मध्ये मध्ये इंग्रजीत काहीतरी सांगायची, ते आम्हा दोघींनाही कळायचं नाही. तिथे मी पहिल्यांदा चारचौघांसारखी होते. न बोलणारी बाई तिथे घुमी ठरत नाही, परदेशी ठरते.

परत आल्यावर ते शहर मला फारसं आठवलं नाही. खडकीच्या गाडीवर बसले की तिथल्यासारखंच मोकळं वाटायचं. फरक एवढाच, की इथे कल्चर म्हणणारं कुणी नव्हतं.

आता खरं काय झालं ते सांगते. आषाढ संपत आला होता. श्रावणात आमच्याकडे घरोघरी अंडं शिजत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात गाडीवर झुंबड होती. पुढे महिनाभर मिळणार नाही म्हणून माणसं उंटासारखी साठा करत होती. मीही गेले. एक मुलगी हातात काठीला लावलेला फोन आणि गोल दिवा घेऊन आली आणि तव्याभोवती फिरायला लागली.

"हाय गाइज! आज आपण आलोय खडकीच्या एका एकदम हिडन जागी!"

जागा हिडन होती, पण ही मुलगी येईपर्यंतच, असं माझ्या मनात आलं. मी भिंतीकडे तोंड करून पाव बुडवत होते. मला वाटलं, मी काही तिच्या फोनात येणार नाही. मी कुणाच्याच फोटोत येत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्यापुढे आत्याबाई आहेत.

पुढे श्रावण लागला. पहिल्या सोमवारी मी उपासाची भगर टाकत होते, तेवढ्यात हे फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी होते. अगदी जवळून. डोळे मिटलेले, गाल फुगलेला, हनुवटीला कोथिंबिरीचं पान. माझ्या तोंडावर एवढा आनंद मी स्वतः कधी पाहिला नव्हता. वर लिहिलं होतं, "पुण्याच्या आज्जीचं सिक्रेट! अंडाभुर्जी लव्ह."

"ही तू आहेस?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"आज सोमवार आहे."

"हो."

"श्रावणी सोमवार."

"अहो, पण हे आषाढातलं..."

"आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय," हे म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आमच्या सोसायटीत महिला भजनी मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षबाई तळमजल्यावर राहतात, त्यामुळे येणारंजाणारं कुणीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनीच ते पाठवलं होतं. खाली काही लिहिलं नव्हतं. नुसते जोडलेले हात. पुण्यात माणूस ओरडला तर घाबरायचं कारण नसतं. हात जोडले की समजावं, आपलं काही खरं नाही.

मग ह्यांनी चष्मा लावून ग्रुपवर लिहिलं. फॅक्टरीत इतकी वर्षं नोटिसा लिहिल्याने त्यांचं सगळंच लिहिणं तसं होतं. लिहिलं होतं, "सदर चित्रफितीतील महिला आमच्या कुटुंबातील नाहीत. नोंद घ्यावी."

त्यावर कुणीतरी अंगठा दिला.

मी भगर ढवळत उभी होते. मला राग आला का, तर नाही. गंमत वाटली का, तर तेही नाही. हिशेब मात्र लगेच लक्षात आला. आता मी त्या गाडीवर दिसले, तर ती बाई मीच ठरणार आणि हे खोटे ठरणार. आणि मी ते आषाढात खाल्लं होतं असं सांगायला गेले, तर आधी ती बाई मीच, हे कबूल करावं लागणार. श्रावणाच्या आरोपातून सुटायचं तर ह्यांना खोटं पाडायचं, ह्यांना सांभाळायचं तर भुर्जी सोडायची. महिनाभर नव्हे, कायमची.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई वर आल्या. हातात वाटीभर फुटाणे, प्रसादाचे.

"अहो, मी म्हटलंच सगळ्यांना, की त्या आपल्या वहिनी नाहीत," त्या सोफ्यावर बसत म्हणाल्या. "एकसारखी माणसं असतात जगात. साडीही एकसारखी असते. पिशवीही."

ती पिशवी दाराच्या खुंटीला लटकत होती. आम्ही दोघींनी ती बघितली.

"हो ना," मी म्हणाले.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"खडकीलाच जाता ना शेकायला?" त्यांनी पुन्हा पिशवीकडे बघितलं. "असो. शनिवारच्या सत्यनारायणाला शिरा करायचं तुमच्याकडे होतं, नाही का? पण म्हटलं तुम्हाला उगाच त्रास. गुडघ्यावर उभं राहून एवढा रवा भाजायचा. आम्ही बाहेरून मागवतोय."

"बाहेरून?"

"हो, चांगलं आहे दुकान. हल्ली बाहेरचं मिळतं छान."

एवढं म्हणून त्या गेल्या. शनिवारी बाहेरचा शिरा आला. त्यात तूप नव्हतं, साखर मात्र भरपूर होती. माझ्या हातचा शिरा बाद झाला, कारण मी रस्त्यावरचं खाल्लं. आणि त्याच्या जागी बाजारचा शिरा आला. देवाने खाल्ला असेल बिचाऱ्याने. तोही बोलत नाही.

मी दवाखान्यात जात राहिले, पण बस स्टॉपवर दुसऱ्या रस्त्याने यायला लागले. तो रस्ता लांबचा, मध्ये चढ. शेक घेऊन गुडघा मोकळा करायचा आणि चढावर पुन्हा आखडून घ्यायचा, असं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, फरक का पडत नाही?" मी म्हणाले, "वय."

श्रावण उतरणीला लागला तेव्हा मुलगा आणि सून गणपतीसाठी आले. त्यांनी तो व्हिडिओ तिकडेच पाहिला होता. सुनेला मैत्रिणींनी विचारलं होतं, तुझ्या सासूबाई आज्जी कधी झाल्या? त्यामुळे ती आधीच वैतागली होती.

"आई, तुम्ही रस्त्यावर अंडी खाता?" ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये का तिथे हायजीन काय असतं?"

"तिकडे व्हिएतनामला..." मी सुरुवात केली.

"ते वेगळं आहे, आई."

कसं वेगळं, ते तिने सांगितलं नाही. तिकडे ते कल्चर होतं आणि इकडे माझी भूक होती, हाच फरक असावा.

मुलगा मात्र मऊ आहे. तो म्हणाला, "आई, तुला आवडतं तर सांगायचं ना. आम्ही तुला चांगल्या ठिकाणी नेतो."

त्यांनी आम्हाला कोरेगाव पार्कात नेलं. तिथे एक हॉटेल आहे, त्यात आशियातल्या सगळ्या रस्त्यांवरचं खाणं मिळतं. रस्ता मात्र नाही. दारात एक खरी हातगाडी आणून ठेवली होती, धुऊन पुसून रंग दिलेली. तिच्यावर शेवंतीच्या कुंड्या होत्या. आत थंडगार एसी, आणि त्या एसीत व्हिएतनामसारखी बुटकी स्टुलं. ह्यांना त्यावर बसवायला दोन वेटर लागले. भिंतीवर मुद्दाम पोपडे काढलेले. रिक्षाच्या हॉर्नचा आवाज कुठूनतरी बारीक वाजत होता, बहुधा यंत्रातून. बाहेर खऱ्या रिक्षा हॉर्न देत होत्या, तो आवाज आत येऊ नये म्हणून दुहेरी काचा होत्या.

वेटर माझ्याच डोक्यावर उभा राहिला.

"मॅम, आमच्याकडे स्ट्रीट-स्टाइल पनीर भुर्जी आहे, श्रावण स्पेशल. स्पाइस लेव्हल काय ठेवू? पाव रेग्युलर की सावरडो? बटर सॉल्टेड की..."

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"मसाला डोसा आहे का?" ह्यांनी विचारलं.

नव्हता. मग मी पनीरची भुर्जी घेतली. ती वहाणेएवढ्या तव्यावर आली, वर एक फूल होतं. सुनेने तिचे फोटो काढले, तोवर ती निवली. "कशी आहे, आई?" मुलाने एवढ्या आशेने विचारलं, की मी म्हणाले, छान आहे. त्याला वाटलं, प्रश्न सुटला.

गणपती गेले, मुलगा-सूनही गेले. पुढच्या आठवड्यात हे बँकेच्या कामाला खडकीला गेले आणि घरी आले ते पाय आपटतच. चपला काढायच्या आधी म्हणाले, "तुझा फ्लेक्स लागलाय."

"माझा?"

"पुढाऱ्याएवढा! त्या गाडीच्या वर. डोळे मिटून खातेयस. खाली लिहिलंय, 'आज्जींची आवडती भुर्जी'. अख्खी खडकी बघतेय. माझ्याबरोबर काम केलेली माणसं राहतात तिथे!"

"मग?"

"मग काय मग! आत्ताच्या आत्ता चल. काढायला लावतो."

"मी कशाला?"

"फोटो तुझा आहे म्हणून."

मला जायचं नव्हतं. आणि मला जायचंही होतं. बसमध्ये हे सगळा वेळ पुटपुटत होते, काय बोलायचं त्याची तयारी करत होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मनात एकच विचार होता, आज हे भांडणार आणि ती गाडी माझ्यासाठी बंद होणार. भांडण झालेल्या ठिकाणी मला पुन्हा पाय ठेवता येत नाही. माझा स्वभाव तसा आहे.

लांबूनच मी दिसले. माझा गाल भिंतीएवढा होता. गाडीपुढे पोरापोरींची रांग होती, हातात फोन. माझी भिंतीकडची जागा गेली होती. तिथे आता पाण्याचे ड्रम ठेवले होते. गाडीवाला घामाने भिजलेला, उलथनं थांबत नव्हतं. मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि पदर डोक्यावरून घेतला. एरवी मी पदर घेत नाही.

हे रांग मोडून पुढे गेले. "हा फोटो कुणाच्या परवानगीने लावला आहे?"

"काका, लायनीत या," कुणीतरी ओरडलं.

"मला खायचं नाही! मी विचारतोय, फोटो कुणाच्या परवानगीने?"

गाडीवाल्याने मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी कोण त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"फोटो मावशींचा हाय. मावशींनी इचारलं तर सांगंन. तुमचा काय संबंध?"

"संबंध आहे."

"काय संबंध?"

"आहे म्हणून सांगतोय ना!"

"अहो, पण काय? उद्या कुणीबी येऊन म्हणंल, संबंध आहे."

ह्यांनी आजूबाजूला बघितलं, सोसायटीतलं कुणी नाही ना म्हणून. त्यांचे कान लाल झाले. मला त्यांची दया आली. पण ते उत्तर मला ऐकायचं होतं.

"बायको आहे ती माझी!"

एवढ्या मोठ्याने म्हणाले की तव्याचा आवाजही मागे पडला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी एवढं ठणकावून कधी म्हटलं नव्हतं. लग्नातसुद्धा सगळं गुरुजींनीच म्हटलं होतं. रांगेतल्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी ह्यांच्या मागे बघितलं.

"अरे, आज्जी! खरंच आज्जी आहेत!"

एकदम सगळे फोन माझ्याकडे वळले. पळून जावं तर गुडघा. मी दोन पावलं पुढे गेले, गाडीच्या पत्र्याला हात लावला आणि म्हणाले, "तो फोटो उतरवा."

कुणालाच ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.

"तो फोटो उतरवा. नाहीतर मला इथे येता येणार नाही. मला यायचंय."

गाडीवाल्याने गॅस बारीक केला. "मावशी, तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला." मग तो खाली वाकून माझ्याजवळ आला. "उतरवतो. पण खरं सांगू का, त्या फोटोवर धंदा तिप्पट झालाय. पोरगी कॉलेजात जातीय यंदा. नुसता कोरा कपडा लावला तर कोण थांबंल?"

"दुसऱ्या कुणाचा लावा."

"कुणाचा?"

आता तो विचारत होता तेही बरोबर होतं. हे आमच्या शेजारी उभे होते. गाडीवाल्याने मघाशी, गिऱ्हाईक भडकलं की करतात तसं, न विचारता त्यांच्या हातात एक प्लेट दिली होती. रागाच्या भरात त्यांनी ती घेतली होती आणि रागाच्या भरात खात होते.

"मीठ बरोबर आहे," हे म्हणाले. "टोमॅटो जरा अजून शिजायला हवा. आमच्या फॅक्टरीच्या कँटीनला कसं करायचे, सांगू का?" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. रांगेतली पोरं ऐकायला लागली. एकाने फोन धरला. ह्यांनी तो बघितला आणि आवाज आणखी वाढवला. निवृत्त झाल्यापासून त्यांचं एवढं कुणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मी गाडीवाल्याकडे बघितलं आणि मान ह्यांच्याकडे केली. तो हुशार आहे. त्याला लगेच कळलं.

"काका," तो म्हणाला, "मिशी चांगली हाय हो तुमची. फ्लेक्सवर शोभंल."

"छे छे," हे म्हणाले. "आपल्याला असलं काही आवडत नाही." मग रुमालाने मिशी पुसत म्हणाले, "उभा लावणार की आडवा?"

नवरात्र मध्ये येत होतं, म्हणून ह्यांनी दसरा झाल्यावरच लावायचा असं बजावलं, नाहीतर पुन्हा तेच. दसऱ्यानंतर माझा गाल उतरला आणि ह्यांची मिशी चढली. खाली लिहिलंय, "काकांची पसंती". सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा मी आधी जोडलेले हात शोधले. अध्यक्षबाईंनी खाली लिहिलं होतं, "वा! खरे खवय्ये!" आणि टाळ्या वाजवणारे हात. ह्यांनी आधीची नोटीस मागे घेतली नाही, कुणी तसं विचारलंही नाही. मी खाल्लं तेव्हा ते बाहेरचं होतं, ह्यांनी खाल्लं तेव्हा ती आवड झाली. आता खालच्या मजल्यावरचे लोक ह्यांना विचारून भुर्जी खायला जातात. शिरा अजून दुकानातूनच येतो.

शेकाच्या दिवशी हल्ली हेही माझ्याबरोबर खडकीला येतात. गाडीपुढे उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अंडं कधी फेटावं, कधी फेटू नये ते सांगतात. पोरं फोटो काढतात. पाण्याचे ड्रम गाडीवाल्याने पलीकडे सरकवले आहेत.

परवा एक मुलगी दिवा लावलेला फोन घेऊन आली. तीच की दुसरी कोण, मला ओळखता आलं नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. हे मिशी नीट करून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी प्लेट घेऊन खात होते. तिने फोन खालीवर केला, डावीउजवीकडे केला, मग मला म्हणाली, "काकू, तुम्ही जरा बाजूला होता का? काका फ्रेममध्ये नीट येत नाहीयेत."

मी प्लेट घेऊन लगेच बाजूला झाले आणि गाडीच्या मागे, भिंतीकडच्या स्टुलावर बसले.